कार्डावरचा हिरवा निळा कसा झाला? जुनी बेसबॉल कार्डं, ऊन आणि खळ

पिट्सबर्गकर · ४ मे

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या घरातलं सामान विक्रीला काढलं होतं. आजी आता लेकीकडे राहायला गेल्यात. पुस्तकांच्या खोक्यात तळाशी एक चिकटवही निघाली, आणि भिंतीवरून नुकतीच उतरवलेली एक छोटी फ्रेम. दोन्ही घेऊन आलो. वहीत अकरा बेसबॉल कार्डं चिकटवलेली, फ्रेममध्ये बारावं. आजींची लेक म्हणाली की ही तिच्या पणजोबांची, आणि फ्रेम तिला आठवतंय तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारीच होती.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी: ही बाराही कार्डं ज्याला संग्राहक 'टी२०६' म्हणतात त्या संचातली आहेत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात एकेक कार्ड घालायची. रुंदी दीड इंचाला किंचित कमी, उंची अडीच इंचाच्या थोडी वर. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात. सगळी मिळून ५२४ कार्डं धरतात. यातलंच होनस वॅग्नरचं कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. वॅग्नर आमच्या गावच्या पायरेट्स संघाचा खेळाडू, त्याचा पुतळा इथल्या मैदानाबाहेर आहे. माझ्याकडची कार्डं मात्र 'कॉमन' खेळाडूंची, म्हणजे पैशाच्या दृष्टीनं साधी. मला ती फार प्रिय झालीत ही गोष्ट वेगळी.

दोन कोडी आहेत.

पहिलं, फ्रेममधलं कार्ड. खेळाडूच्या मागची पार्श्वभूमी निळसर राखाडी. नेटवर याच कार्डाचे फोटो पाहिले तर सगळीकडे ती छान गवती हिरवी. एका विक्रेत्याला फोनवर फोटो दाखवला. तो म्हणाला, "पिवळा रंग छापायचाच राहिलेला दिसतोय, दुर्मीळ चूक आहे", आणि बऱ्यापैकी किंमत द्यायला तयार झाला. घरी येऊन फ्रेम उघडली. कार्डाच्या खालच्या कडेला, जिथे फ्रेमची लाकडी पट्टी कार्डावर येत होती तिथे, जेमतेम दोन मिलिमीटरची हिरवी रेघ आहे. हिरवीगार.

दुसरं, वहीतलं एक कार्ड. चेहऱ्याच्या उजव्या बाजूवरून उभा एक पट्टा गेलाय, बोटाच्या अर्ध्या रुंदीचा. त्या पट्ट्यात लाल रंगच नाही. टोपीचा लाल नाही, ओठाचा नाही, गालावरची लाली नाही. खालचा पिवळट रंग तेवढा दिसतो. पट्ट्याच्या बाहेर सगळं ठणठणीत.

हे उन्हाचं काम, खळीचं, की छापखान्याचं? आणि वहीतली कार्डं सोडवायची कशी? मागची बाजू मी अजून पाहूच शकलेलो नाही.

छापखाना_अण्णा · ४ मे

पहिल्या कार्डाचा निकाल तुम्हीच लावलाय. त्या दोन मिलिमीटरमध्ये हिरवा आहे ना? मग पिवळा रंग छापला गेला होता. छापायचा राहिला असता तर तो पट्टीखालीही राहिला असता. ही छपाई दगडावरून व्हायची, आणि पिवळ्याचा दगड काही फ्रेमची पट्टी कुठे येणार ते बघून छापत नाही.

जरा सविस्तर सांगतो. चाळीस वर्षं पुण्यात ऑफसेटवर काढली, आणि मला काम शिकवणारे उस्ताद स्वतः शिळाछापावर शिकलेले होते. ही कार्डं त्याच पद्धतीची, न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. शिळाछापात हिरवी शाई वेगळी असेलच असं नाही. बहुतेक वेळा पिवळ्यावर निळा चढवून हिरवा दाखवायचे. कारागीर प्रत्येक रंगासाठी दगडावर हातानं ठिपके काढायचा, कुठे दाट, कुठे विरळ. असे सहा-आठ रंग एकावर एक, प्रत्येकाची वेगळी छपाई, आणि दर वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. त्याला आम्ही रजिस्टर जुळणं म्हणतो. रजिस्टर अर्ध्या मिलिमीटरनं जरी हललं तरी ओठ हनुवटीवर येतो.

तुमच्याकडे भिंग असेल, दहापटीचं, तर एक काम करा. निळ्या पार्श्वभूमीत भिंग लावा आणि नुसते निळे ठिपके दिसतात का बघा. मग हिरव्या रेघेत लावा. तिथे त्याच निळ्या ठिपक्यांच्या मागे पिवळा दिसेल. निळा दोन्हीकडे तोच आहे. गेला तो पिवळा.

आणि खरोखर रंग छापायचा राहिलेलं कार्ड असेल तर तो रंग सगळीकडून एकसारखा गायब असतो. पिवळा नसेल तर गवतात नाही, कातडीच्या रंगात नाही, बॅटीच्या तपकिरीत नाही. मधूनच अर्धवट नसतो.

विक्रेत्याला ही रेघ दाखवा. घाईत पैसे घेऊन टाकू नका.

पिट्सबर्गकर · ४ मे

अण्णा, भिंग लावलं. अगदी तुम्ही म्हणता तसंच. निळे ठिपके दोन्हीकडे सारखे, रेघेत त्यांच्यामागे पिवळी साय धरल्यासारखी. विक्रेत्याला कळवतो.

मेघना_कागद · ५ मे

मी कागद-संवर्धनाचं काम करते, मुंबईत. अण्णांच्या म्हणण्याला रसायनाची जोड देते.

रंग दिसतो कारण रंगाचा रेणू प्रकाशाचा काही भाग गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. गिळलेला भाग म्हणजे ऊर्जा. ती बहुतेक वेळा उष्णता होऊन निघून जाते, पण कधीतरी एखादा बंध तुटतो, हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो, आणि तो रेणू कायमचा बिनरंगी होतो. पिवळा रंग निळा-जांभळा प्रकाश गिळतो, म्हणजे दृश्य प्रकाशातला सर्वांत जोरकस भाग. वरून अतिनील किरण आहेतच. त्यामुळे सेंद्रिय पिवळे आणि गुलाबी-लाल रंग आधी मरतात. निळे जास्त तग धरतात. काळा म्हणजे काजळी, नुसता कार्बन. त्याला ऊन काहीच करत नाही.

आपल्याकडे सलूनच्या काचेवर लावलेली पोस्टरं आठवा. दोन उन्हाळ्यांत नट-नट्या निळ्या पडतात. कारण हेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले रंग बाजारात आले. मोठे चमकदार आणि स्वस्त, पण त्यातले अनेक फार अल्पायुषी. इओसिनपासून केलेला गुलाबी-लाल त्यात सर्वांत बदनाम. व्हॅन गॉगच्या चित्रांतला गुलाबी आज पांढरट दिसतो तो त्यामुळे. त्या काळच्या छपाईच्या शायांतही असे रंग होते. उलट क्रोम यलोसारखा शिसं असलेला खनिज पिवळा उन्हात उडून जात नाही, तो काळवंडतो. म्हणजे एखाद्या जुन्या कागदावरचा पिवळा साफ गायब झाला असेल तर तो बहुधा सेंद्रिय होता, आणि तपकिरी पडला असेल तर शिशाचा असण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या कार्डावर मला उन्हाचा संशय नाही. वही बंद होती, अंधारात होती. आणि ऊन असा सरळ कडेचा पट्टा ओढत नाही, जोवर वर काहीतरी झाकलेलं नसतं. त्या पट्ट्यावर पूर्वी काही चिकटवलेलं होतं का? खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च कार्डाला जवळजवळ आडवी धरा आणि तिरक्या उजेडात बघा. पट्टा खोल दिसतोय की सपाट?

पिट्सबर्गकर · ५ मे

मेघनाताई, पट्टा खोल आहे! अगदी बारीक, पण कड स्पष्ट दिसते, रंगाचा पापुद्रा निघाल्यासारखी. आणि आता मला वहीच्या शेवटच्या पानातलं एक सुटं वर्तमानपत्राचं कात्रण आठवलं. ते बाहेर काढून उलटं केलं.

त्याच्या मागच्या बाजूला तपकिरी डिंकाचा उभा पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यावर लाल ठिपके. टोपीची कड आणि ओठाचा अर्धा भाग, आरशातल्यासारखा उलटा.

दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

छापखाना_अण्णा · ५ मे

लाल शेवटच्या रंगांत छापलेला असणार म्हणून वर होता, आणि वरचा होता म्हणून तोच गेला. खालचा पिवळा कागदाला धरून राहिला.

सुलभा_सातारा · ५ मे

काच होती ना फ्रेमला? मग ऊन कसं लागलं?

नाशिकचे_मास्तर · ६ मे

सुलभाताई, साधी खिडकीची काच अतिनीलमधला आखूड लांबीचा भाग अडवते. म्हणून काचेआड कातडी भाजत नाही. पण लांब लहरींचा अतिनील बराचसा आत येतो, आणि दृश्य प्रकाश तर येतोच. रंग उडवायला दोन्ही पुरेसे.

मी भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं गणित मांडतो. संग्रहालयात नाजूक कागदावर ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवण्याची पद्धत आहे. रोज ८ तास धरले तर वर्षाला ५० × ८ × ३६५ म्हणजे १,४६,००० लक्स-तास. आता भर दुपारचं ऊन साधारण १ लाख लक्स. म्हणजे संग्रहालयात वर्षभरात जेवढा प्रकाश कागदावर पडतो, तेवढा गच्चीवर दीड तासात पडतो.

खिडकीशेजारच्या भिंतीवर सरासरी १,००० लक्स धरू, थेट ऊन नाही असं समजून. रोज ८ तास, वर्षाला २९ लाख २० हजार. संग्रहालयाची वीस वर्षं एका वर्षात. फ्रेम साठ वर्षं तिथे असेल तर बाराशे वर्षांचा उजेड त्या कार्डानं पाहिलाय.

आणि हा हिशेब फक्त बेरजेचा असतो. मध्ये दहा वर्षं कपाटात ठेवलं म्हणून आधीचं खोडलं जात नाही.

मेघना_कागद · ६ मे

मास्तरांचा हिशेब मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे.

एक अपवाद सांगते, कारण तो फार सुंदर आहे. प्रशियन ब्लू नावाचा लोहाचा निळा रंग प्रकाशात फिका पडतो आणि अंधारात ठेवला की हवेतल्या ऑक्सिजननं बराचसा परत येतो. सायनोटाइप, म्हणजे याच रंगातले निळे फोटो, करणाऱ्यांना हे माहीत असतं. पण पिवळ्या आणि लाल सेंद्रिय रंगांच्या बाबतीत असं काही होत नाही. गेले ते गेले.

एडिसनकर · ६ मे

न्यू जर्सीतून. वीस वर्षं ही कार्डं जमवतोय, त्यामुळे बाजाराच्या बाजूनं दोन गोष्टी.

उन्हाचा वापर लोक मुद्दामही करतात. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९६९ च्या संचात मिकी मँटल या खेळाडूचं ५०० नंबरचं कार्ड दोन प्रकारचं आहे. एकात आडनाव पिवळ्या अक्षरांत, दुसऱ्यात पांढऱ्या. पांढरं खूप दुर्मीळ आणि खूप महाग. आता पिवळं काय झालं की पांढरं दिसतं हे वर मेघनाताईंनी सांगितलंच आहे. असं कार्ड समोर आलं की मी अक्षरं बघतच नाही. बाकीच्या कार्डात जिथे पिवळा मिसळलेला असायला हवा ती ठिकाणं बघतो: कातडी, गवत, कुठला नारिंगी किंवा हिरवा. तिथला पिवळाही उतरलेला असेल तर ते कार्ड खिडकीत राहून आलंय.

याच्या उलट चूकही होते. १९६२ च्या टॉप्समधल्या दुसऱ्या मालिकेची काही कार्डं हिरवट झाक असलेली मिळतात. नवखे त्यांना खराब समजून टाकून देतात. ती खरोखर तशीच छापली गेली होती, वेगळी छपाई. टी२०६ मध्येसुद्धा टाय कॉबचं चेहऱ्याचं कार्ड लाल आणि हिरव्या अशा दोन पार्श्वभूमींत आहे, हॅल चेसचं निळ्या आणि गुलाबीत. हे अस्सल प्रकार. म्हणून आधी यादी माहीत हवी, मग शंका.

एक यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च घ्या, पंधरा-वीस डॉलरला मिळते. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात आली. १९१० चं कार्ड अंधारात त्या टॉर्चखाली निळंपांढरं चमकलं तर ते १९१० चं नाही, किंवा कोणीतरी त्याचे कोपरे नव्या कागदानं भरलेत.

आता वहीतली कार्डं. सरळ पाण्यात टाका. मी चेष्टा करत नाही. टी२०६ ची शाई जवसाच्या तेलातली आहे, पाण्याला दाद देत नाही. थाळीत डिस्टिल्ड वॉटर, कार्ड वहीच्या पानासकट कापून त्यात सोडायचं, दोन-चार तास. खळ फुगते आणि कार्ड आपोआप सुटून तरंगतं. ओढायचं नाही. मग टीपकागदात ठेवून वर जाड पुस्तकं. शेकडो संग्राहक हेच करतात.

मेघना_कागद · ७ मे

एडिसनकर, तुमच्या अनुभवाचा आदर करूनही इथे मी थांबवते.

"शाई तेलाची आहे म्हणून पाणी चालतं" हे अर्धंच खरं आहे. शाई टिकेल, पण कार्ड म्हणजे फक्त शाई नाही. मध्ये पुठ्ठा आहे, तो पाणी पिऊन फुगतो. वरची शाई फुगत नाही. जुनी शाई ठिसूळ झालेली असेल तर या ताणात तडे जातात. शंभर वर्षांचा आम्लधर्मी मळ पाण्यात सुटतो आणि कार्ड अर्धवट भिजलं तर जिथे पाणी थांबलं तिथे तपकिरी रेषा उमटते. कोणी मागे फाउंटन पेननं नाव लिहिलं असेल किंवा शिक्का मारला असेल, तर तो पाण्यात पसरतो. आणि ज्या कार्डाचा लाल आधीच निघालाय त्याची उरलेली शाईही सैल आहे. ते कार्ड भिजवलंत तर आणखी जाईल.

सर्वांत महत्त्वाचं: 'खळ' म्हणून आपण काय म्हणतोय? पिठाची खळ, सरस, गोंद, रबर सिमेंट, सोडियम सिलिकेट, सेलोटेप, या सगळ्यांचं वागणं वेगळं. पिठाची खळ गार पाण्यात फुगते. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा, त्याला कोमट पाणी लागतं आणि तो वाळताना फार जोरात आक्रसतो. कात्रणाखालचा तो तपकिरी पट्टा सरसाचा असेल तर लाल पापुद्रा त्यानंच ओढलाय. रबर सिमेंट पाण्याला जुमानतच नाही, वर कागदात मुरून त्याला तेलकट आणि तपकिरी करतं. सोडियम सिलिकेट भलतंच क्षारधर्मी. प्रशियन ब्लूला क्षार सोसत नाही, तो मातकट होतो. अल्ट्रामरीन निळ्याचं उलटं, त्याला आम्ल सोसत नाही, आणि पिठाच्या खळीत पूर्वी सर्रास तुरटी घालायचे, ती आम्लधर्मी. म्हणजे एकाच डिंकाखाली एक निळा टिकतो आणि दुसरा मरतो.

आपल्याकडचे बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालायचे. जुन्या मराठी पुस्तकांच्या पुठ्ठ्याखाली तो हिरवट थर अजून सापडतो, आणि त्याला टेकलेला कागद बऱ्याचदा करपलेला असतो.

एडिसनकर · ७ मे

ताई, रबर सिमेंट आणि शिक्क्यांबद्दल शंभर टक्के मान्य, ते मी लिहायला हवं होतं. शाईनं लिहिलेलं एक कार्ड माझ्याच हातून गेलंय, मागचं नाव पाण्यात जांभळा ढग होऊन पसरलं. पण पिठाच्या खळीवर मी ठाम आहे. वहीत ठेवलं तरी ते पान आम्ल सोडतच राहणार आणि कार्ड पिवळं पडत राहणार. न सोडवणं हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचीही किंमत असते.

विकताना मात्र सांगितलंच पाहिजे की कार्ड भिजवलेलं आहे. यावर आमच्यात बरीच भांडणं होतात. मी सांगतो.

मेघना_कागद · ७ मे

हे पटलं. मग आधी डिंक ओळखू, मगच पाणी.

पिट्सबर्गकर, औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा. वहीच्या पानावरून, कार्डापासून लांब, वाळलेल्या खळीची राईएवढी कपची खरवडा. बशीत ठेवून आयोडीनचा पातळ केलेला थेंब टाका. काळी-निळी झाली तर पिष्ट, म्हणजे पिठाची खळ. नाही झाली तर सरस किंवा दुसरं काही. कात्रणावरच्या पट्ट्याचीही कपची घ्या. कार्डावर आयोडीन अजिबात नको.

हडसनकाठी · ८ मे

डिंकाच्या निमित्तानं जेफरसन बर्डिक आठवला. 'टी२०६' हे नाव त्याच्या अमेरिकन कार्ड कॅटलॉगमुळेच रूढ झालं. सिराक्यूसचा इलेक्ट्रिशियन, एकटा माणूस, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. आयुष्यभर जमवलेली ३ लाखांवर छापील चिठोरी त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, त्यात ३० हजारांच्या आसपास बेसबॉल कार्डं. आणि ती सगळी त्यानं स्वतःच्या हातानं वह्यांमध्ये चिकटवली. पंधराएक वर्षं हेच काम. १९६३ च्या जानेवारीत शेवटचं चिकटवून झालं, मार्चमध्ये तो गेला.

आज कोणी कार्डाला डिंक लावला तर आपण शहारतो. पण तो चिकटवत बसला नसता तर यातलं किती उरलं असतं? संग्रहालय त्यातली थोडी थोडी कार्डं आळीपाळीनं बाहेर मांडतं. मी दोनदा जाऊन आलेय. उजेड इतका मंद की डोळे सरावायला वेळ लागतो. मास्तरांचं गणित वाचल्यावर आता त्याचा अर्थ कळला.

सुलभा_सातारा · ८ मे

मी प्रश्न विचारला त्यामागे कारण होतं. आमच्याकडे आजेसासूबाईंची रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आहे. तीही शिळाछापच, साडीला टिकल्या आणि जर डिंकानं लावलेली. तीस वर्षांपूर्वी फ्रेम बदलायला दिली तर फ्रेमवाल्यानं न विचारता मागे पांढरा डिंक थापून ती प्लायवूडवर चिकटवली. आता कागद तपकिरी होत चाललाय. साडीचा गुलाबी उडालाय, पण जिथे टिकली पडली तिथे खाली गोल गोल गडद गुलाबी ठिपके आहेत. मला वाटायचं तो डिंकाचा डाग. आज कळलं की तोच खरा रंग आहे आणि बाकीची साडी विटलीय.

छापखाना_अण्णा · ८ मे

सुलभाताई, अगदी बरोबर ओळखलंत. टिकलीनं सावली धरली.

रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे तुमची लक्ष्मी आणि पिट्सबर्गकरांची कार्डं एकाच घराण्यातली. लिथोचे उत्तम दगडही जगभर एकाच ठिकाणचे नावाजलेले, बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचे. प्लायवूडवरून काढायचा प्रयत्न घरी करू नका. उजेडातून तेवढी हलवा.

पिट्सबर्गकर · २ जुलै

उशीर झाला, पण कारण आहे. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

१९७० च्या दशकातली टॉप्सची दहा सुरकुतलेली कॉमन कार्डं घेतली, डॉलरला मूठभर मिळतात तसली. प्रत्येकाचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलनं झाकला. तीन व्हरांड्याच्या कठड्यावर, थेट उन्हात. तीन दक्षिणेच्या खिडकीत, साध्या काचेआड. तीन त्याच खिडकीत, पण यूव्ही अडवणाऱ्या ॲक्रिलिकखाली. एक उत्तरेकडच्या भिंतीवर. १५ मेपासून काल संध्याकाळपर्यंत.

फॉइल काढताना बायको शेजारी होती. पहिल्याच कार्डाला ती म्हणाली, "हा माणूस अर्धा आजारी आहे." व्हरांड्यातल्या कार्डावर उघड्या बाजूचा चेहरा राखाडी, गवत निळं, संघाचं पिवळं नाव वाचायला जवळ न्यावं लागतं. झाकलेल्या बाजूला सगळं जागच्या जागी. मधली रेष पट्टीनं आखल्यासारखी. काळी अक्षरं दोन्हीकडे एकसारखी काळी.

काचेआडची कार्डं थोडी कमी, पण नक्की उडालेली. ॲक्रिलिकखालच्यांनी मला निराश केलं. मी समजत होतो ती सुरक्षित राहतील. ती उडाली, फक्त सावकाश. दृश्य प्रकाश तिथेही पोचत होताच. उत्तरेच्या भिंतीवरच्या कार्डात डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मास्तरांची बेरीज आता डोक्यात बसलीय.

व्हरांड्यातल्या एका कार्डाच्या पुढच्या बाजूला तीन डिंकांचे ठिपके दिले होते. रबर सिमेंट पिवळं आणि चिकट झालं. पिठाची खळ वाळून वळली, तिच्याबरोबर कार्डाचा कोपराही वर आला. सरसाचा ठिपका नखानं उचलला तर खालचा रंग घेऊनच निघाला, मागे पांढरा पुठ्ठा.

आयोडीनचा निकाल: वहीच्या पानावरची खळ काळीशार झाली. कात्रणावरचा पट्टा तसाच तपकिरी. म्हणजे कार्डं वहीत चिकटवणारा एक माणूस, आणि कात्रण लावणारा बहुधा दुसरा.

मेघना_कागद · २ जुलै

इतकं नीट काम फार थोडे लोक करतात. लाल पट्ट्याचं कार्ड आणि ते कात्रण दोन्ही तसंच ठेवा, आम्लरहित कागदात, शेजारी शेजारी. भिजवू नका. बाकीच्या दहांपैकी सर्वांत साधं एक निवडा. पुढच्या बाजूच्या प्रत्येक रंगावर कापसाच्या अगदी बारीक ओल्या टोकानं क्षणभर टेका. कापसावर रंग आला तर थांबा. नाही आला तर एडिसनकरांचं ऐका.

एडिसनकर · २ जुलै

पाणी खोलीच्या तापमानाचं. टीपकागद पहिल्या तासात दोनदा बदला. आणि वाळायला आठवडा द्या, दोन दिवसांत उघडू नका.

पिट्सबर्गकर · १२ जुलै

कापसावर काही आलं नाही. ५ जुलैला सकाळी पाण्यात सोडलं. पहिला तास काहीच नाही. दुसऱ्या तासात पाणी चहाच्या पाण्यासारखं पिवळसर झालं, ते बदललं. साडेतीन तासांनी वहीचं पान खाली राहिलं आणि कार्ड एका कोपऱ्यातून वर आलं, हळूच, कोणी हात न लावता. मागे खळीचा बुळबुळीत थर होता, तो मऊ ब्रशनं पाण्यातच सोडवला.

आज उघडलं. पुढच्या रंगांना काहीही झालेलं नाही. भिंगाखाली आधीच्या आणि आताच्या फोटोतले ठिपके जुळवून पाहिले.

मागे पीडमॉन्ट सिगारेटची जाहिरात निघाली. ३५० खेळाडूंची मालिका, फॅक्टरी नंबर २५, व्हर्जिनिया. ज्या दिवशी चिकटवलं त्यानंतर या बाजूवर उजेड पडलाच नव्हता. निळी शाई इतकी ताजी आहे की बोट लावायला भीती वाटते. एका कोपऱ्यात फक्त तपकिरी बोटाचा ठसा आहे, खळीनं भरलेल्या अंगठ्याचा. लहान आहे, लहान मुलाचा असावा. तो मी पुसलेला नाही.

फ्रेममधलं निळं कार्ड आता डब्यात आहे. विक्रेत्यानं रेघ पाहून आपला शब्द मागे घेतला आणि आभारही मानले. आजींच्या लेकीला या कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलाय.